आईचं पेन

आमच्या देवघराच्या वरच्या फळीवर शंख असतो. आई रोज पूजेला तो काढायची, वाजवायची, परत ठेवायची. २०२१च्या श्रावणात ती एकदा म्हणाली, "सुतारानं फळी वर ठोकून देल्ली वाटते, हात नाही पुरून राहिला." सुतार आमच्या घरात शेवटचा आला तो बाबा असताना. मी हसले आणि स्टूल आणून दिलं. आईचीच उंची कमी होतेय, हे माझ्या डोक्यात आलं नाही. ब्लाउजच्या बाह्या लांब वाटतात, साडी पायात येते, हेही ती सांगत होतीच. म्हातारपणी माणूस आटतो, एवढं म्हणून आम्ही मोकळे.

एप्रिल २०२२मध्ये कूलर काढला. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घरात कूलरला नळ जोडलेला नाही, बादलीनं पाणी भरावं लागतं. मी कॉलेजच्या ऑफिसात होते. आईनं अर्धी बादली उचलली, खिडकीच्या उंचीपर्यंत नेली आणि पाठीत कट् झालं. तिच्याच शब्दांत, "वाळली काडी मोडावं तसं." पडली नाही, धडपडली नाही. बादली खाली ठेवून, भिंतीला धरून ती पलंगापर्यंत गेली.

पुढचे दहा दिवस आम्ही जे केलं ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो. बाम, गरम पाण्याची पिशवी आणि दोनदा मालिश करणारी बाई. मोडलेल्या मणक्यावर ती बाई अंगठ्यानं दाबत होती आणि आई दात आवळून म्हणत होती, "लचक आहे, निघून जाईन."

अकराव्या दिवशी धंतोलीत एक्स-रे काढला. डॉक्टरांनी फिल्म लाइटवर लावली. मणके आगपेटीसारखे चौकोनी दिसायला हवेत. पाठीचा शेवटचा मणका पुढच्या बाजूनं बसला होता, कणकेचा उंडा एका कडेनं दाबावा तसा. त्याच्याखालचा, कमरेचा पहिला, तोही थोडा दबलेला. "हा ताजा आहे, तो जुना," डॉक्टर म्हणाले. "जुना कधी मोडला, आठवते का आजी?" आईला आठवेना. मला मात्र फळी आठवली.

मग प्रश्न सुरू झाले. पाळी कधी गेली? आई म्हणाली, "गेली कायची, चाळिसाव्या वर्षी पिशवी काढली ना." डॉक्टरांनी विचारलं, बीजकोशही काढले का? घरी जुनी फाइल शोधली, दोन्ही काढले होते. काटोलकडच्या शाळेत ती मास्तरीण होती तेव्हाची गोष्ट. त्या काळी पोटात दुखलं की पिशवी काढायची, आणि सोबत बाकीचंही. तेव्हा ती ४० वर्षांची होती, आता ७१. म्हणजे तिच्या हाडांनी ३१ वर्षं बीजकोशात तयार होणाऱ्या इस्ट्रोजेन हार्मोनशिवाय काढली होती.

हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन झाला. पडून राहायचं, वरून एक दांडा फिरतो, दुखत काहीच नाही. टी-स्कोअर, म्हणजे तरुण माणसाच्या हाडांशी तुलना करून काढलेला आकडा, उणे अडीच किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस म्हणतात, हाडं ठिसूळ होणं. आईचा कमरेचा आकडा उणे ३.६, खुब्याचा उणे २.९. रक्ताच्या तपासण्यांची यादी लांब होती: कॅल्शियम, क्रिएटिनिन, पॅराथायरॉइड. मणका दुसऱ्याच कशामुळे, म्हणजे मज्जेच्या कॅन्सरमुळे, तर मोडला नाही ना, हे बघायला प्रथिनांचीही एक तपासणी. ती चांगली आली. किडनी मात्र थोडी मंदावलेली निघाली, आणि व्हिटॅमिन डी अवघं ९. नागपुरात! जिथं मे महिन्यात छतावर पापड दुपारपर्यंत कडक होतात तिथं. पण विचार केला तर नवल नाही. या उन्हात बाहेर जातं कोण? आणि जाणारी दुपट्टा गुंडाळून, डोळे तेवढे उघडे ठेवून जाते.

आधी आठवड्याला एक अशा व्हिटॅमिन डीच्या पुड्या सुरू झाल्या. मी विचारलं, मग कॅल्शियमच्या गोळ्या वाढवू का? डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शनचा कागद उलटा केला आणि चित्र काढायला घेतलं. तो कागद मी अजून फाइलमध्ये ठेवलाय.

मला जे समजलं ते असं. हाड आयुष्यभर मोडत आणि बांधलं जात असतं. मोडणाऱ्या पेशी वेगळ्या, बांधणाऱ्या वेगळ्या. गंमत अशी की मोडणाऱ्यांना कामावर बोलावणारा निरोप बांधणाऱ्यांच्याच घरून जातो, म्हणजे बांधणाऱ्या पेशी आणि त्यांच्यातल्या ज्या पुढं हाडातच गाडून राहतात त्या. या निरोपाचं नाव रँक-एल. तो अर्धवट वाढलेल्या पेशीवरच्या रँक नावाच्या कुलपात बसला की ती पेशी हाड खाणारी होते. याच घरून दुसरा एक पदार्थही निघतो, ऑस्टिओप्रोटेजेरिन. तो वाटेतच रँक-एलला धरून ठेवतो, कुलपापर्यंत पोचू देत नाही. १९९७मध्ये तो सापडला तेव्हा असं दिसलं की ज्या उंदरांच्या अंगात तो जास्त होता त्यांची हाडं भलतीच दाट होती. इस्ट्रोजेन असतं तोवर या दोघांचं माप जमून असतं. ते गेलं की निरोप वाढतात आणि अडवणारे कमी पडतात. आईच्या हाडात ३१ वर्षं हेच चाललं होतं. कॅल्शियम लागतंच, पण नुसत्या कॅल्शियमनं निरोप काही थांबत नाही.

डॉक्टर याला 'सिग्नलिंग पाथवे' म्हणत होते. आई पहिल्या दिवसापासून 'निरोप'च म्हणाली, आणि मला तोच शब्द बरा वाटतो.

औषधं तीन तऱ्हांची सांगितली. पहिली बांधकामाचा निरोप देणारी, दुसरी मोडणाऱ्यांचा निरोप अडवणारी. तिसरी गोष्ट मला सगळ्यात नवलाची वाटली. हाडात गाडलेल्या पेशी स्क्लेरोस्टिन नावाचा ब्रेक सोडत असतात, बांधकाम फार होऊ नये म्हणून. दक्षिण आफ्रिकेतल्या काही डच वंशाच्या घराण्यांत जन्मतःच हा ब्रेक नाही. त्यांची हाडं इतकी जाड होतात की कवटीतल्या नसा दाबल्या जाऊन बहिरेपण येतं, चेहरा लुळा पडतो. त्या माणसांकडे बघून शास्त्रज्ञांनी हा ब्रेक अडवणारं औषध बनवलं, रोमोसोझुमॅब, २०१९मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं. पण त्यावर हार्ट अटॅक आणि स्ट्रोकचा इशारा आहे. आईला स्टेंट बसलेला, त्यामुळे डॉक्टरांनी तो विषय तिथंच संपवला.

ठरलं ते असं. आधी दोन वर्षं टेरिपॅराटाइड, रोज पोटावर एक इंजेक्शन. मग निरोप अडवणारं औषध. हा क्रम उलटा करायचा नाही, असं त्यांनी दोनदा बजावलं. आधी अडवून मग बांधायला गेलं की मिळवलेलं हाड काही काळ उलट घटतं.

टेरिपॅराटाइड म्हणजे आपल्याच गळ्यातल्या ग्रंथींतून निघणाऱ्या पॅराथायरॉइड हार्मोनचा तुकडा, अमिनो आम्लांच्या ८४ कड्यांपैकी पहिल्या ३४. इथंच माझं डोकं अडकलं. पॅराथायरॉइड जास्त झालं की हाडं पोकळ होतात, हे मी नेटवर वाचलं होतं. मग तेच टोचायचं कसं? डॉक्टर म्हणाले, फरक वेळेचा आहे. ते रक्तात दिवसरात्र चढून राहिलं तर हाड मोडतं. दिवसातून एकदा चढलं आणि काही तासांत उतरलं तर बांधणाऱ्या पेशी जाग्या होतात. मला हे पटायला वेळ लागला. आईला लागला नाही.

"वर्गात दिवसभर बोंबलणाऱ्या मास्तरले कोण ऐकते?" ती म्हणाली. "दिवसातून एक डाव आवाज चढवला का पोट्टे चूप."

पुण्याहून धाकट्या भावाचा फोन आला. त्यानं वाचलं होतं की या औषधानं उंदरांना हाडाचा कॅन्सर झाला. खरं आहे, भरमसाट डोस दिलेल्या उंदरांना झाला होता, आणि २००२पासून पाकिटावर तसा ठळक इशारा असायचा. इतक्या वर्षांत माणसांत तसं काही दिसलं नाही म्हणून २०२०मध्ये अमेरिकेनं तो इशारा काढला. मी त्याला २००१च्या मूळ अभ्यासाबद्दल सांगितलं. १,६३७ बायकांचा अभ्यास, आणि आईला मिळणार होता त्या २० मायक्रोग्रॅमच्या डोसनं मणक्यांचे नवे फ्रॅक्चर ६५ टक्के कमी. तो म्हणाला, "ताई, तू कधीपासून असं वाचायला लागलीस?" त्याला काय सांगणार, रात्री आई कूस बदलताना कण्हायची आणि मी मोबाइल घेऊन बसायची.

२० जून २०२२ला पहिलं इंजेक्शन. पेन दिसायला इन्सुलिनच्या पेनसारखंच. सुई रोज नवी लावायची, बटण दाबायचं आणि लगेच काढायची नाही, पाच आकडे मोजायचे. पहिल्या दिवशी मी मोजायला लागले तर आई म्हणाली, "थांब, मी म्हणते." आणि पोटाची चिमट धरून, डोळे मिटून तिनं सुरू केलं, "बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा, बे चोक आठ, बे पंचे दहा. काढ." ३४ वर्षं पहिलीच्या पोरांकडून घोकून घेतलेलं. दोन वर्षं आमच्या घरी रात्रीचं जेवण झालं की बे पंचे दहापर्यंतचा पाढा व्हायचा. भाचा आला की तोही शेजारी बसून म्हणायचा.

पहिल्या आठवड्यात उठताना तिला भोवळ यायची. म्हणून इंजेक्शन पलंगावर बसून आणि मग अर्धा तास तिथंच. रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे. महिना दीड महिन्यात दोन्ही कमी झालं. पाठदुखी उतरली, पण उंची परत आली नाही. डॉक्टरांनी ते आधीच सांगितलं होतं, बसलेला मणका उठत नाही. शंख आम्ही खालच्या फळीवर आणला.

तीन महिन्यांनी हाड बांधणीची एक रक्ततपासणी झाली. लॅबचा रिपोर्ट आला त्यात आकडा ठळक अक्षरात, शेजारी 'जास्त' म्हणून खूण. मी रात्रभर झोपले नाही. सकाळी डॉक्टर कागद बघून म्हणाले, "वा!" औषध लागू पडलं की तो आकडा वाढायचाच असतो. हे लॅबवाल्यांनी लिहायला नको का? नसेल लिहीत.

खरी परीक्षा उन्हाळ्याची होती. पेन २ ते ८ अंशांत ठेवायचं आणि गोठू द्यायचं नाही. मे २०२३च्या नवतपात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, एका दुपारी आमच्याकडे लाइट गेली. मी ऑफिसात, घरी आई एकटी, भिंतीही तापलेल्या. तिला वाटलं पेन खराब होईल. तिनं ते फ्रिजच्या दारातून काढलं आणि वर, फ्रीजरच्या पेटीला लावून ठेवलं, जिथं बर्फ अजून शिल्लक होता. तासाभरानं लाइट आली आणि फ्रिज जोरात सुरू झाला. रात्री मी पेन हातात घेतलं तर त्याच्या पोटात पांढरी धुकट काडी दिसली. गोठलं होतं.

टेबलावर ठेवलं, वितळलं. आणि मग ते अगदी पहिल्यासारखं दिसायला लागलं! स्वच्छ पाणी. कोणी सांगितलं नसतं तर मी तेच टोचलं असतं. आई म्हणाली, "बघ, काही नाही झालं." डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, फेका, दिसण्यावर जाऊ नका. हा प्रथिनाचा धागा आहे, गोठून मोडला की त्याचं काम गेलं, रंगरूप बदलत नाही.

पेन उघडून चारच दिवस झाले होते, २४ दिवसांचं औषध त्यात होतं. एका पेनचे पैसे आमच्या महिन्याच्या किराण्याहून जास्त. मी आईला एक शब्द बोलले नाही, पण तिनं त्या साली घरात आंबे आणू दिले नाहीत. आणते म्हटलं की म्हणायची, "मले गोड नाही लागून राहिले." नंतर आम्ही पेनसाठी फ्रिजच्या मधल्या कप्प्यात स्टीलचा एक डबा केला, आत छोटं थर्मामीटर. काटोलला चुलतबहिणीच्या लग्नाला गेलो तेव्हा रुंद तोंडाचा थर्मास घेतला. तळाशी बर्फाची पिशवी, वर टॉवेलची जाड घडी, त्यावर पेन, म्हणजे बर्फ पेनला लागणार नाही. मांडवात कोणीतरी तो थर्मास चहाचा समजून उघडला आणि आईनं त्याच्यावर जो आवाज चढवला तो मी शाळेनंतर पहिल्यांदा ऐकला.

२०२४च्या उन्हाळ्यात दोन वर्षं पूर्ण होत आली. दुसऱ्या डेक्साला आम्ही मेट्रोनं गेलो, चितार ओळीहून झाशी राणी चौकापर्यंत, ऑटोचे धक्के नकोत म्हणून. कमरेचा आकडा उणे ३.६वरून उणे ३.० झाला होता. खुब्याचा उणे २.९वरून उणे २.८, म्हणजे जवळपास तिथंच. या औषधाचा जोर मणक्यावर जास्त असतो म्हणे. मुख्य म्हणजे नवा मणका एकही बसला नव्हता.

आईला वाटलं संपलं. डॉक्टर म्हणाले, आता थांबलात तर बांधलेलं हळूहळू जाईल. वर्षातून एकदा सलाइनमधून द्यायचं झोलेड्रॉनिक अॅसिड आईच्या किडनीला झेपणारं नव्हतं. म्हणून डेनोसुमॅब. हे तेच, ज्याचं चित्र दोन वर्षांपूर्वी कागदामागं काढलं होतं, रँक-एलला वाटेतच धरणारं. अंगातला ऑस्टिओप्रोटेजेरिन कमी पडतो, त्याच्या जागी बाहेरून आणलेला पहारेकरी. सहा महिन्यांतून एकदा, दंडावर, ६० मिलिग्रॅम. त्याआधी हलणारी एक दाढ काढून घेतली आणि जखम भरेपर्यंत थांबलो, कारण या औषधावर असताना दाढ काढली तर जबड्याचं हाड चिघळू शकतं. किडनी मंद असल्यामुळे कॅल्शियम एकदम घसरू नये म्हणून इंजेक्शनच्या आधी आणि दहा दिवसांनी रक्त तपासलं. २४ जूनला पहिलं इंजेक्शन झालं. रोजच्या टोचण्यातून सुटका म्हणून त्या दिवशी घरी पुरणपोळी.

या औषधाची गोम तारखेत आहे. ते अंगात असतं तोवर हाड खाणाऱ्या पेशी वाट बघत बसतात, संपत नाहीत. औषध उतरलं की त्या एकदम तुटून पडतात. तारीख चुकवून बसलेल्या काही लोकांचे एकाच वेळी दोन-दोन, तीन-तीन मणके बसल्याच्या नोंदी आहेत. हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी कॅलेंडरवर २४ डिसेंबरला लाल गोल केला होता. आणि तरीही औषध आणायला मी निघाले ते २३ तारखेला संध्याकाळी. माझीच चूक.

नेहमीच्या दुकानात ते नव्हतं. एका दवाखान्याच्या काउंटरवर म्हणाले, "जानेवारीत या, पंधरा दिवसांनी काय फरक पडते?" ज्याचं काम औषध विकणं, त्यानं हे म्हणावं याचा मला आजही राग आहे. गोळी असती तर पडला नसता फरक. मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, घाबरू नका, थोडे दिवस चालतील, पण महिना नाही. आई उलट दिशेनं निघाली होती. "पाठ दुखत नाही, चालून फिरून राहिली, कायले घ्यायचं अजून?" मी तिला तो जुना कागद काढून दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे हेडमास्तर रजेवर गेला का अख्खी शाळा पटांगणात."

३ जानेवारीला सीताबर्डीच्या एका दुकानातून फोन आला, आलंय. मी काटोलच्या लग्नातला तोच थर्मास घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी, म्हणजे अकरा दिवस उशिरा, धंतोलीत सिस्टरनं आईची बाही वर केली. आईनं डोळे मिटले.

"बे एके बे, बे दुणे चार..."

"झालं आजी," सिस्टर म्हणाली.

आईनं डोळे उघडले, दंडावरच्या कापसाकडे बघितलं, मग सिस्टरकडे. काही बोलली नाही. खाली आलो, ऑटोत बसलो, उड्डाणपुलाखाली सिग्नलला थांबलो तेव्हा शेजारून हळूच ऐकू आलं, "बे त्रिक सहा, बे चोक आठ..." हिरवा दिवा लागला, ऑटो निघाला. ती बे दाहे वीसपर्यंत गेली.